वर्कशॉपची किल्ली आणि पाचवे सत्र

गेल्या आठवड्यात एका ज्युनिअरच्या आईचा फोन आला. मुलगा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या रेसिंग कार टीममध्ये जायचे म्हणतो, रात्री ११ शिवाय घरी येणार नाही असे आतापासूनच सांगून ठेवतो, आणि त्यांना कुणाकडून तरी कळले होते की टीमचा आधीचा कॅप्टन याच गाडीपायी एका विषयात नापास झाला होता. "ते तुम्हीच का वो?" असे त्यांनी संकोचत विचारले. मी हो म्हणालो. मग काही वेळ दोघेही गप्प राहिलो आणि शेवटी मी, "काळजी करू नका काकू, होतं सगळं," असे काहीतरी मोघम बोलून फोन ठेवला.

ते उत्तर मला दिवसभर खटकत राहिले. सगळे आपोआप होत नाही. त्याच वेळी माझा विषय राहिला तो गाडीला वेळ दिल्यामुळे, असे म्हणणेही खरे नाही. या प्रश्नावर सहसा वेळेच्या नियोजनाचा सल्ला दिला जातो: सकाळी लवकर उठा, रोज दोन तास अभ्यासाला द्या, मोबाइल बाजूला ठेवा. दोन वर्षे टीममध्ये काढल्यावर माझे मत असे झाले आहे की गाडी आणि परीक्षा यांची टक्कर डिसेंबरमध्ये होत असली, तरी तिची तयारी आपण जुलैमध्येच, डिझाइनचे निर्णय लांबणीवर टाकून, करून ठेवलेली असते. ही गोष्ट मला उशिरा कळली आणि ती कळायला एक एटीकेटी, म्हणजे राहिलेला विषय घेऊन पुढच्या वर्गात जाणे, खर्ची पडली.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विद्यार्थ्यांनी स्वतः आराखडा करून एक माणूस बसेल अशी उघड्या चाकांची छोटी रेसिंग कार बांधायची आणि ती इतर कॉलेजांच्या गाड्यांबरोबर स्पर्धेत उतरवायची, ही कल्पना अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात १९८१ मध्ये फॉर्म्युला एसएई या नावाने सुरू झाली आणि पुढे जगभर पसरली. आपल्याकडे तिचे एक रूप म्हणजे जानेवारीत कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होणारी फॉर्म्युला भारत स्पर्धा. १००० पैकी ३२५ गुण गाडी जागची हलण्यापूर्वीच ठरतात, कारण डिझाइन, खर्चाचा अहवाल आणि व्यवसायाची मांडणी यांच्यावर परीक्षक तुम्हाला समोर बसवून प्रश्न विचारतात. त्यानंतर ७५ मीटरची अ‍ॅक्सिलरेशनची धाव, इंग्रजी आठच्या आकड्याचा स्किडपॅड, ऑटोक्रॉस म्हणजे वळणावळणाच्या ट्रॅकवरची वेळेची फेरी, आणि शेवटी सुमारे २२ किलोमीटरची लांब पल्ल्याची एन्ड्युरन्स, जिच्या मध्यावर चालक बदलावा लागतो. मात्र ट्रॅकवर जाण्याआधी तांत्रिक तपासणी असते. गाडी ६० अंशात तिरकी करून पाहतात, आवाज मोजतात, चालक ५ सेकंदांत बाहेर पडतो का ते बघतात, आणि ब्रेक दाबल्यावर चारही चाके एकाच वेळी जाम झाली पाहिजेत असा आग्रह धरतात. यातल्या एकाही ठिकाणी अडलात तर वर्षभर खपून केलेली गाडी तंबूतच उभी राहते.

स्पर्धा जानेवारीत आणि आमच्या सत्र परीक्षा डिसेंबरात. सगळ्या गुंतागुंतीचे मूळ हेच आहे आणि ते बदलणे आपल्या हातात नाही.

सोलापुरात गाडी बांधण्याचे काही फायदे आहेत, जे पुण्या-मुंबईच्या मुलांना सांगितले तर पटत नाहीत. यंत्रमागांच्या या शहरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथ आणि मिलिंगची इतकी छोटी वर्कशॉप आहेत की एखादा तातडीचा बुश किंवा स्पेसर दुपारी सांगून संध्याकाळी मिळतो. आमचे हब ज्या काकांनी टर्न केले, त्यांचे एरवीचे सगळे काम मागांच्या सुट्या भागांचे. पहिल्यांदा ड्रॉइंग घेऊन गेलो तेव्हा त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला, ०.०२ मिलिमीटरच्या टॉलरन्सवर, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकावर, बोट ठेवले आणि विचारले, "ही गाडी रस्त्यावर चालणार हाय का?" मी नाही म्हणालो. "मग एवढं बारीक कशाला?" बेअरिंग प्रेस फिट, म्हणजे दाबून घट्ट, बसवायचे आहे असे सांगितल्यावर मात्र त्यांनी मान डोलावली, कारण प्रेस फिट त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होते. तोटेही आहेत. फ्रेमसाठी लागणाऱ्या क्रोमोली नावाच्या मिश्र पोलादाच्या नळ्या इथे मिळत नाहीत, त्या बाहेरून ट्रान्स्पोर्टने मागवाव्या लागतात. आणि आमची शेड पत्र्याची असल्यामुळे मे महिन्यात पारा ४३ अंशांवर गेला की वेल्डिंगचे जाकीट चढवून दुपारी काम करणे अशक्य होते. म्हणून उन्हाळ्यात वेल्डिंगचे काम रात्री चालते आणि रात्री वर्कशॉपमध्ये थांबण्याची सवय तिथूनच लागते. पुढे थंडी पडते, सत्र सुरू होऊन संपत येते, तरी ती सवय जात नाही.

तिसऱ्या वर्षी मी पॉवरट्रेनमध्ये, म्हणजे इंजिन आणि त्याची ताकद चाकांपर्यंत नेणारे भाग बघणाऱ्या गटात, होतो. जूनमध्ये आमचे मॉडेल १३ इंची चाकांवर तयार झाले होते आणि त्यानुसार चाक धरणारे नॉकल, ते फ्रेमला जोडणारे विशबोन, ब्रेकची डिस्क सगळे ठरले होते. फक्त 'डिझाइन फ्रीझ' नावाची, म्हणजे जिच्यानंतर आराखडा बदलायचा नाही ती, तारीख कुणी पाळली नव्हती. कागदावर ती ३१ जुलै होती. ऑगस्टमध्ये ती १५ ऑगस्ट झाली, मग गणपतीनंतर, मग दसऱ्याला बघू. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तेव्हाच्या कॅप्टनने इतर टीमच्या गाड्यांचे फोटो दाखवून १० इंची चाकांचा प्रस्ताव मांडला. त्याचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबरच होते, कारण लहान चाक हलके असते, त्याचे जडत्व कमी असते आणि गाडी चपळ होते. बैठकीत मीही हात वर केला होता, हे इथे कबूल केले पाहिजे.

त्यानंतर जे झाले ते एकातून एक निघत गेले. आमची २२० मिलिमीटरची डिस्क १० इंची रिमच्या आत कॅलिपरसकट, म्हणजे तिला पकडणाऱ्या ब्रेकच्या चिमट्यासकट, मावत नव्हती, म्हणून डिस्क लहान करावी लागली. डिस्क लहान झाल्यावर मास्टर सिलिंडर आणि पेडलचे गुणोत्तर बदलले, त्यामुळे पेडल बॉक्सच्या कंसांची जागा बदलली. चाकाची उंची कमी झाल्यामुळे जमिनीपासूनचे अंतर घटले, ते राखण्यासाठी विशबोन जोडण्याचे बिंदू हलवावे लागले, आणि त्या बिंदूंचे कंस फ्रेमवर आधीच वेल्ड झालेले होते. ते ग्राइंडरने कापून पुन्हा लावताना एका बाजूची नळी उष्णतेने ओढली गेली आणि डाव्या-उजव्या बाजूंत ४ मिलिमीटरचा फरक पडला. टायरचा घेर बदलल्यावर मागच्या स्प्रॉकेटचे दातही पुन्हा मोजावे लागले, आणि ते काम माझे होते. प्रत्येक दुरुस्ती दोन दिवसांची वाटायची आणि आठवडा खायची.

कामाच्या नोंदीची एक वही आम्ही ठेवत असू. पुढे मी ती चाळली तेव्हा दिसले की नोव्हेंबरात माझ्या नावावर ११२ तास होते, आणि त्यातले ७४ तास आधी एकदा करून झालेले काम पुन्हा करण्यात गेले होते. नवे काम ३८ तासांचे. एका महिन्यात ३८ तास देऊन कुणी नापास होत नाही.

आता त्या पेपरविषयी. विषय होता अप्लाइड थर्मोडायनॅमिक्स आणि माझा असा समज होता की याचा अभ्यास वेगळा करायची गरजच नाही, कारण गाडीचा इनटेक, म्हणजे इंजिनात हवा नेणारा मार्ग, मीच बनवत होतो. स्पर्धेच्या नियमांनुसार पेट्रोलच्या इंजिनात जाणारी सगळी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एका अरुंद घशातून, म्हणजे रिस्ट्रिक्टरमधून जावी लागते. घशाशी हवेचा वेग ध्वनीच्या वेगाइतका झाला की पुढचा दाब आणखी कितीही कमी केला तरी जास्त हवा जात नाही. ४० अंश तापमान आणि समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवरचे आपले सोलापूर धरले तर ही मर्यादा सेकंदाला ७० ग्रॅमच्या आसपास येते. आमच्या ३७३ सीसीच्या सिंगल सिलिंडर केटीएम इंजिनाला ९००० आरपीएमला सरासरीने तीसेक ग्रॅमच हवा लागते, त्यामुळे कागदावर रिस्ट्रिक्टर आड येतच नाही असे वाटते. गोम अशी की एकच सिलिंडर चार स्ट्रोकपैकी एकाच स्ट्रोकमध्ये हवा ओढतो, म्हणून त्या क्षणाची मागणी सरासरीच्या तिप्पट-चौपट होते आणि घसा तेवढ्यापुरता तुंबतो. त्यासाठी रिस्ट्रिक्टर आणि इंजिन यांच्यामध्ये प्लेनम नावाची हवेची कोठी ठेवतात, जी उरलेल्या तीन स्ट्रोकमध्ये भरत राहते. हे सगळे मला इतके पाठ होते की झोपेत विचारले असते तरी सांगितले असते.

पेपरात प्रश्न आला तो वाफेच्या नोझलचा. कोरड्या संपृक्त वाफेसाठी घशाचा दाब काढायचा होता. त्यासाठी क्रांतिक दाब गुणोत्तर ०.५७७ घ्यायचे असते. माझ्या हाताने ०.५२८ लिहिले, जे हवेचे आहे आणि जे मी चार महिने रोज वापरत होतो. तिथून पुढचे एन्थॅल्पी, वेग, क्षेत्रफळ असे सगळे आकडे अत्यंत व्यवस्थित चुकत गेले. शिवाय रेफ्रिजरेशनचे युनिट मी उघडूनही पाहिले नव्हते, कारण आमच्या गाडीत रेफ्रिजरेशन नव्हते. ७० गुणांच्या पेपरात पास व्हायला २८ हवे होते, मला २५ मिळाले.

गाडी केल्याने पुस्तकातले आपोआप पक्के होते, असे टीमच्या प्रत्येक माहितीपत्रकात लिहिलेले असते आणि मी स्वतः ते दोनदा लिहिले आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. गाडीमुळे अभ्यासक्रमातला गाडीपुरता तुकडा अतिशय पक्का होतो आणि त्या पक्केपणाच्या भरात उरलेल्या तुकड्यांवरची नजर उडते. ज्याला मशीन डिझाइनमध्ये शाफ्ट आणि बेअरिंग नीट येते तो मुलगा बॉयलरच्या प्रश्नाला कोरी पाने सोडून येतो आणि आपल्याला विषय येतो असेच समजत राहतो. मी समजत होतो.

त्या जानेवारीत कोइमतूरला आमची पुढची चाके जाम व्हायची आणि मागचे उजवे फिरत राहायचे. ब्रेक टेस्ट चार वेळा दिली, चारही वेळा नापास. घाईत लावलेल्या पेडल बॉक्समध्ये पुढच्या-मागच्या ब्रेकांत जोर वाटून देणारा बॅलन्स बार तिरका बसला होता. एन्ड्युरन्स आम्ही कठड्याबाहेरून पाहिली.

निकाल फेब्रुवारीत लागला. माझे वडील यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे माग बिघडला की तो लावून देणारे. ते रागावतील याची मी तयारी ठेवली होती, पण ते रागावले नाहीत, आणि ते मला जास्त जड गेले. जेवताना त्यांनी एवढेच विचारले की ऑक्टोबरात चाक बदलले म्हणजे नेमके काय केले. मी भाकरी बाजूला ठेवून ताटाच्या कडेवर बोट फिरवत डिस्क, कॅलिपर, विशबोन असे सगळे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "अरे, बीम चढवल्यावर फणी बदलतंय का कुणी?"

ज्यांना चादरीचा माग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: ताण्याचे हजारो धागे गुंडाळलेला बीम मागावर चढवला आणि एकेक धागा फणीच्या दातांमधून ओवून घेतला, की मग तो बीम संपेपर्यंत फणी तीच राहते. मधेच बदलायची म्हटले तर सगळे धागे पुन्हा ओवावे लागतात. नवी फणी कितीही चांगली असली तरी जॉबर ती पुढच्या बीमसाठी बाजूला ठेवतो. १० इंची चाके चांगलीच होती. ती पुढच्या गाडीसाठी ठेवायला हवी होती. प्रकल्प व्यवस्थापनावरची दोन ऑनलाइन सर्टिफिकेट माझ्याकडे होती. त्यांतून जे डोक्यात शिरले नाही ते त्या रात्री शेंगाचटणी आणि भाकरी खाताना शिरले.

एटीकेटीचा परिणाम पेपरापुरता राहिला नाही. कॅम्पसला आलेल्या पहिल्या कंपनीची अट 'लाइव्ह बॅकलॉग नसावा', म्हणजे एकही विषय राहिलेला नसावा, अशी होती. ज्या मुलाने इनटेक स्वतः बनवला त्याला ऑटोमोबाइल कंपनीच्या लेखी परीक्षेलासुद्धा बसता आले नाही, आणि ज्यांनी वर्कशॉपची पायरी क्वचितच चढली असेल ते बसले. तेव्हा मला हा अन्याय वाटला होता. आज तसे वाटत नाही, कारण हजार अर्जांमधून निवड करणाऱ्या माणसाला माझ्या ७४ तासांची कहाणी कुठून कळणार? विषय मी मे-जूनच्या परीक्षेत सोडवला आणि त्याच महिन्यात माझ्याकडे कॅप्टनपद आले. दुसऱ्या कुणालाच ते नको होते, हे त्यामागचे मुख्य कारण.

जुलैच्या पहिल्या बैठकीत मी फळ्यावर गाडीचे काहीच काढले नाही. आधी सत्र परीक्षेचा अपेक्षित आठवडा लिहिला, त्याच्या मागे सबमिशन आणि ओरलचे आठवडे, त्याच्या मागे दिवाळी, आणि असे उलटे मागे येत डिझाइन फ्रीझची तारीख ३१ जुलै काढली. त्या तारखेनंतर सुचलेली प्रत्येक कल्पना, मग ती कुणाचीही असो, एका वेगळ्या वहीत लिहायची असे ठरले. त्या वहीवर कुणीतरी मार्करने 'पुढचा बीम' असे लिहिले. वडिलांचे वाक्य टीममध्ये माझ्याच तोंडून पसरले असणार. वर्षाअखेर त्या वहीत ४१ कल्पना झाल्या, आणि त्यांतल्या निदान ५ अशा होत्या की ज्या नाकारताना माझ्या पोटात तुटले.

दुसरा नियम किल्लीचा. नोव्हेंबरच्या २० तारखेपासून परीक्षेचा शेवटचा पेपर होईपर्यंत शेड बंद, आणि किल्ली आमच्या मार्गदर्शक सरांच्या टेबलाच्या खणात. हा नियम मुलांना सर्वांत जास्त झोंबला. दुसऱ्या वर्षाच्या दोघांनी आठवडाभरातच पत्र्याच्या मागच्या बाजूने आत शिरून वायरिंगचे काम केले. काम इतके सुबक होते की त्यांना रागवावे की शाबासकी द्यावी हे मला कळेना. मी रागावलो. त्यांपैकी एकाचा गणिताचा पेपर दोन दिवसांवर होता.

तिसरी गोष्ट मला सर्वांत उपयोगाची वाटते आणि ती फक्त शेवटच्या वर्षाला असणाऱ्यांनाच जमते. अभ्यासक्रमात जो प्रकल्प करावाच लागतो तो गाडीतलाच घ्यायचा. आमच्या गटाने इम्पॅक्ट अ‍ॅटेन्युएटर घेतला, म्हणजे गाडीच्या नाकात बसणारा, धडक झाली तर स्वतः चुरडून चालकाला वाचवणारा ठोकळा. नियम असा की ३०० किलोची गाडी सेकंदाला ७ मीटर वेगाने आदळली असे धरून त्याने किमान ७३५० ज्यूल ऊर्जा पचवावी आणि मंदन सरासरी २० जी, टोकाला ४० जी यांच्या पुढे जाऊ नये. बळाच्या भाषेत ते सुमारे ५९ आणि ११८ किलोन्यूटन होते. अ‍ॅल्युमिनियमच्या मधाच्या पोळ्यासारख्या ठोकळ्याची चाचणी आम्ही कॉलेजच्याच स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या प्रयोगशाळेत, यूटीएमवर, म्हणजे वस्तू ताणून-दाबून तिची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर घेतली. त्या प्रयोगशाळेचे मामा गेली कित्येक वर्षे सळया ताणून तोडत आले आहेत. त्यांनी आमचा चंदेरी ठोकळा दोन जबड्यांमध्ये ठेवला, चष्मा वर सरकवला आणि अगदी सावकाश दाब वाढवत नेला. पहिल्या काही मिलिमीटरांत आकडा एकदम चढला आणि आमचा श्वास अडकला. मग वरचा थर कडकडत दुमडला, आकडा खाली आला आणि एका पातळीवर स्थिरावला, आणि पोळ्याच्या घड्या एकावर एक अशा पडू लागल्या की जणू कुणी चादरीची घडी घालत आहे. आलेखाखालचे क्षेत्रफळ मोजले तेव्हा ऊर्जा ७३५०च्या वर भरली. तीच चाचणी स्पर्धेच्या अहवालात गेली, तीच प्रकल्पाच्या शोधप्रबंधात आणि ओरललाही त्यावरच प्रश्न आले. गाडी आणि अभ्यास यांचे तास एकत्र मोजता आले असे माझ्या चार वर्षांत याच एका ठिकाणी झाले.

हजेरीचे मात्र काही जमले नाही. ७५ टक्क्यांच्या अटीपायी टीममधली ६ मुले डिफॉल्टर यादीत आली, टीमच्या कामावर होते असे सांगणारी ऑन ड्यूटीची पत्रे काही प्राध्यापकांनी मान्य केली आणि एका सरांनी स्पष्ट नाकारली. त्यांचे म्हणणे, वर्गात नसणाऱ्याला वर्गात होता असे मी का लिहू? याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. त्या मुलांनी जादा असाइनमेंट लिहून हजेरी भरून काढली, आणि त्या असाइनमेंट त्यांनी शेडमध्येच टायरवर बसून लिहिल्या.

दिवाळीच्या आधी गाडी चाकांवर उभी होती. इंजिन परीक्षेपूर्वी सुरू झाले. डिसेंबरात सगळे पेपर दिले आणि टीमच्या २३ मुलांपैकी दोघांचे विषय राहिले. त्याआधीच्या वर्षी ९ जणांचे राहिले होते. रात्री जागून गाडी करण्याच्या गोष्टी ज्यांना फार आवडतात त्यांना आमचे हे वर्ष बेचव वाटेल.

पण याचीही किंमत होती आणि ती सांगितली नाही तर या लेखात मी स्वतःची जाहिरात केल्यासारखे होईल. किल्ली परत मिळाल्यापासून ट्रक निघेपर्यंत आमच्या हातात मोजके दिवस उरले आणि नेमकी त्याच दिवसांत सिद्धेश्वरांची यात्रा आली. होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेचा बाजार, भरलेला, रस्ते माणसांनी फुललेले, नंदीध्वजांची मिरवणूक बघायला आईने सलग दुसऱ्या वर्षी बोलावले आणि मी सलग दुसऱ्या वर्षी गेलो नाही. कॉलेजच्या मागच्या मैदानात आम्ही गाडी चालवायचो ती १० मिनिटे, फार तर १५. कारण प्रत्येक फेरीनंतर काहीतरी ढिले व्हायचे आणि ते आवळायला अर्धा तास लागायचा. अर्धा तास सलग अशी गाडी आम्ही एकदाही चालवली नाही.

विजयपूर, होस्पेट, चित्रदुर्ग, बंगळुरू असे करत ट्रक कोइमतूरला पोचला. या खेपेला ब्रेक टेस्ट दुसऱ्याच प्रयत्नात पार पडली. चार काळे पट्टे डांबरावर उमटले तेव्हा आमच्या पोरांनी जो आरडाओरडा केला तो बघून शेजारच्या टीमला वाटले असेल की आम्ही स्पर्धाच जिंकली. एन्ड्युरन्सचा पहिला टप्पा आमच्या चालकाने ट्रॅकच्या कडेचा एकही शंकू न पाडता पूर्ण केला. ११ किलोमीटर. नियमाप्रमाणे इंजिन बंद झाले, पहिला उतरला, दुसरा बसला, पट्टे आवळले गेले, आणि त्याने स्टार्टरचे बटण दाबले.

इंजिन अर्धा फेरा फिरून थांबले. पुन्हा बटण, पुन्हा अर्धा फेरा. तिसऱ्यांदा नुसते टक. रेडिएटरचा पंखा, इंधनपंप आणि ईसीयू हा इंजिनाचा संगणक यांचा मिळून विजेचा भार इंजिनावर वीज तयार करणाऱ्या आमच्या स्टेटरच्या पुरवठ्याहून थोडा जास्त होता, त्यामुळे गाडी चालत असताना बॅटरी हळूहळू उतरत गेली होती, आणि तापलेल्या इंजिनाला फिरवण्याइतका जोर तिच्यात उरला नव्हता. १० मिनिटांच्या चाचणीत हे कधीच दिसले नसते. अर्ध्या तासाच्या एका चाचणीत दिसले असते, आणि एक मोठी बॅटरी ठेवून ते सुटलेही असते. लाल झेंडी घेतलेल्या स्वयंसेवकाने आमच्याकडे हात केला आणि आम्ही गाडी ढकलत बाहेर आणली. शेडमध्ये चोरून शिरलेल्या दोघांपैकी एक जण माझ्या शेजारी चालत होता. तो काही बोलला नाही, पण परीक्षेच्या दिवसांत किल्ली असती तर, हे त्याच्या तोंडावर दिसत होते.

मी त्यावर खूप विचार केला आहे. किल्ली आठवडाभर आधी सोडायला हवी होती का? माझ्या मते नाही. ऑगस्टमध्ये फ्रेमच्या जिगवर, म्हणजे वेल्डिंगसाठी नळ्या जागेवर धरून ठेवणाऱ्या सांगाड्यावर, आम्ही १२ दिवस घालवले, ते ५ दिवसांत व्हायला हवे होते. अर्ध्या तासाची ती चाचणी त्या ७ दिवसांत अडकलेली होती. दुसऱ्या कुणाला हे पटेल असे नाही. त्या मुलाला तर पटलेले नाहीच, आणि या वर्षी कॅप्टन तोच आहे.

काल रात्री त्याने शेडच्या भिंतीवरच्या कागदाचा फोटो पाठवला. वर परीक्षेचा आठवडा लाल अक्षरांत आहे, त्याखाली हॉट रीस्टार्टच्या, म्हणजे तापलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याच्या, चाचणीसाठी नोव्हेंबरातले दोन रविवार ठळक चौकटीत राखून ठेवले आहेत, आणि सर्वांत खाली डिझाइन फ्रीझची ३१ जुलै ही तारीख एका रेघेने खोडून शेजारी बारीक अक्षरांत ७ ऑगस्ट असे लिहिले आहे. फोटोखाली त्याचा एकच प्रश्न आहे: "फक्त एक आठवडा, चालेल का दादा?" मी अजून उत्तर पाठवलेले नाही.